आजाराला घरी काय म्हणतात?

श्रोतेहो, नमस्कार. आजचं बोलणं मुख्यतः त्या मुलामुलींसाठी आहे, जे येत्या वर्ष-दोन वर्षांत नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट म्हणून वॉर्डात उभे राहतील. घरच्या मंडळींनीही ऐकावं, कारण खाटेवर कधी ना कधी आपणच असतो.

‘सांस्कृतिक जाण’, म्हणजे रुग्णाची भाषा, चालीरीती आणि समजुती ओळखून वागणं, असं म्हटलं की विद्यार्थी वही काढतात आणि यादी करू लागतात. अमक्या समाजात हे चालत नाही, तमक्या धर्मात ते वर्ज्य. ही यादी पाठ करू नका, फसाल. एक साधी गोष्ट घ्या. आपण सहज ‘आदिवासी’ म्हणतो. पण मेळघाटची कोरकू भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीची माडिया द्रविड कुळातली आणि नंदुरबारची भिली आपल्या मराठीच्या कुळातली. एका शब्दाखाली तीन भाषाकुळं! तेव्हा यादीपेक्षा विचारायची सवय कामाला येते.

विचारायचं काय? आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत 1978 साली रुग्णाला विचारायचे आठ प्रश्न मांडले. आपल्या ओपीडीच्या गर्दीत आठ जमत नाहीत, चार पुरतात. या दुखण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? कशानं झालं असं वाटतं? इथं येण्याआधी काय काय केलं? आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? सगळे मिळून दोन-तीन मिनिटं.

यात दुसरा प्रश्न हमखास अडतो. ‘कशानं झालं असं वाटतं?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘आम्हाला काय कळतंय, तुम्हीच सांगा.’ रुग्णाला ती परीक्षा वाटते. अशा वेळी प्रश्न दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवा: ‘घरात काय म्हणतायत? सासूबाई काय म्हणाल्या?’ मग ऐका. सासूबाईंच्या नावानं सगळं बाहेर येतं: नजर, बाहेरचं, उष्ण पडलेलं औषध. तिसऱ्या प्रश्नात ‘काय केलं’ एवढंच विचारा, ‘कशाला केलं’ म्हणू नका. ‘कशाला’ म्हटलं की पुढचं सगळं लपतं.

शब्दांचं तर विचारूच नका. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ होते, ऋतूचा संबंध नाही. ‘बाहेरचं लागलं’ म्हणजे भूतबाधा, पण ‘बाहेर बसली’ म्हणजे पाळी आली. ‘अंगावरून जातं’ म्हटल्यावर पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के, प्रत्यक्ष स्त्रीरोग आढळले 92 टक्के जणींत आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. मधल्या सगळ्या जणी ‘हे बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून गप्प असतात किंवा डॉक्टरला न कळणाऱ्या शब्दांत बोलतात.

आता विचारल्यावर जे कळलं, त्याचं करायचं काय? मनात तीन ढीग करा: उपयोगाचं, निरुपद्रवी आणि अपायकारक. बाळंतिणीचे अळिवाचे लाडू आणि बाळ उबदार ठेवणं पहिल्या ढिगात. तोंडभरून कौतुक करा. दंडाला काळा दोरा, उशाशी विळी, पाचवीची पूजा हे दुसऱ्यात. काही बोलू नका. दोरा करकचून बांधलेला नाही ना आणि विळी बाळाच्या हाताशी नाही ना, एवढंच पाहा. चिकाचं दूध पिळून टाकणं, जन्मल्याबरोबर मध चाटवणं, नाळेला शेण किंवा राख लावणं, डोळ्यांत काजळ भरणं हे तिसऱ्यात. इथं मात्र थांबवायचंच आणि कारण सांगून थांबवायचं. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो, शेणातून धनुर्वात. नुसतं ‘नको’ म्हटलं तर घरी गेल्यावर आजीचंच चालतं. म्हणून आजीला खोलीतच बोलवा आणि तिलाच काम द्या: ‘आजी, एका तासाच्या आत बाळाला पाजायला तुम्ही बसवायचं.’

तिसऱ्या ढिगातलं सगळ्यात अवघड उदाहरण मेळघाटातलं, डंब्याचं. बाळाचं पोट फुगलं, श्वास जोरात चालला की भूमका, म्हणजे गावचा वैदू, तापलेल्या लोखंडानं पोटावर चटके देतो. यालाच डंबा म्हणतात. असं बाळ समोर आलं की नव्या डॉक्टरचा पारा चढतो, आणि तिथंच खेळ बिघडतो. आई बोलणी खाऊन जाते आणि पुढच्या वेळी चार दिवस उशिरा येते, किंवा येतच नाही. आधी मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्या. मग आईला म्हणा, ‘पोट उडतंय हे तुम्ही बरोबर ओळखलंत.’ खरंच ओळखलेलं असतं तिनं! निरीक्षण अचूक, उपाय चुकीचा. ‘पुढच्या वेळी पोट उडायला लागलं की त्याच दिवशी इथं आणा.’ आणि भूमक्यालाही हेच सांगा. गावात त्याला आधी कळतं.

भाषा येत नसेल तर दुभाष्या लागतो. सोबत आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला आईच्या पाळीबद्दल विचारायला लावू नका. नवऱ्यालाही नको, तो भाषांतर करत नाही, स्वतःच उत्तर देतो. आशाताई बऱ्या. पण ती गावातलीच असते, म्हणून रुग्णाला आधी विचारा, हिच्यासमोर चालेल ना? बसताना नजर रुग्णाकडे ठेवा, आशाकडे नाही. एका वेळी एक वाक्य. आणि पाच मिनिटं बोलणं होऊन तुमच्यापर्यंत ‘नाही म्हणते’ एवढंच आलं, तर समजा मधे काहीतरी गळलं.

उपासाबद्दल थोडक्यात. मधुमेह्याला ‘उपास करू नका’ म्हणून मोकळं झालात, तर तो उपास करणारच, फक्त सांगणार नाही. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेट ठरवा. इन्सुलिन आणि साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी बदलून द्यायचा. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे आधीच ठरलेलं हवं. बोटाला सुई टोचून साखर तपासल्यानं रोजा मोडतो का, ही शंका रुग्णानं मौलानांना विचारावी. तिथून ‘मोडत नाही’ आलं की तो निर्धास्त तपासतो. नवरात्रात अडचण उलटी: साबुदाणा आणि बटाटा यांनी साखर चढते. भगर घ्यायची तर मोजून.

आणि हो, दवाखान्याचीही एक संस्कृती असते. आपल्याला ती दिसत नाही, एवढंच. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं दवाखाना बांधायच्या आधी लोकांना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि तुम्ही घालता ते पांढरे कपडे आम्ही प्रेताला गुंडाळतो, असं लोकांनी सांगितलं. मग झोपड्यांसारखा दवाखाना झाला, सोबतच्या माणसांना राहायला जागा झाली आणि नाव पडलं तिथल्या आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. तुम्हाला इमारत बदलता येणार नाही. पण ‘ए आजी, सरक’ऐवजी ‘आजी, जरा इकडे येता?’ म्हणता येतं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईकडून ते वदवून घेण्याचा हट्टही सोडता येतो. कार्डावर असतंच की ते.

शेवटी गोळ्या. गरोदरपणात लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. ती अर्ध्यात सुटते, कारण शौच काळं होतं आणि कुणीतरी म्हणतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल. काळ्या रंगाचं पहिल्याच दिवशी सांगा, चहाबरोबर घेऊ नका सांगा, कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतरानं. मग ‘समजलं ना?’ असं विचारू नका. ‘हो’शिवाय दुसरं उत्तर येत नाही. म्हणा, ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघू. घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?’ ती सांगेल त्यात जे चुकेल, तेवढंच पुन्हा सांगायचं.

आणि केसपेपरवर तक्रारीच्या जागी नुसतं ‘श्वेतप्रदर’ लिहू नका. बाई म्हणाली तसं लिहा: ‘दोन महिने अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते, सासू म्हणते उष्णता आहे.’ रात्रपाळीला येणाऱ्या नर्सला तेवढ्यावरून बोलणं पुढे नेता येईल.

नमस्कार.