विमान आलं ते बरंच झालं, आता आवाज मोजून ठेवा

नमस्कार मंडळी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण वावरातली कामं सोडून पाहायला गेले होते, आणि मला त्याचा आनंदच आहे, अमरावतीच्या पेशंटला मुंबई जवळ झाली ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून आधीच सांगतो, मी विमानतळाच्या विरोधात बोलायला उभा नाही. मी बोलणार आहे ते आजूबाजूच्या गावांनी आत्ताच, विमानं कमी आहेत तोवर, काय करून ठेवायचं त्यावर.

माझी बहीण नागपूरला विमानतळाजवळच्या एका लेआउटमध्ये राहते. प्लॉट घेतला तेव्हा जाहिरातीत विमानतळ 5 मिनिटांवर एवढंच मोठ्या अक्षरात होतं. आता फोनवर बोलताना ती मधेच म्हणते "थांब, जाऊ दे", मग खिडकीचं तावदान थरथरतं, रॅकमधली ताटं वाजतात, आणि ते गेल्यावर तिथूनच पुढं बोलणं सुरू. दिवसाचं एकवेळ चालून जातं, पण रात्री दीड-दोनला तिची सासू दचकून उठते ती पहाटेपर्यंत जागीच, त्यात तिला बीपीचा त्रास.

हे कोणाच्या डोक्यावर येणार ते थोडं समजून घ्या. विमान उतरताना साधारण 3 अंशाच्या उतारानं येते, म्हणजे धावपट्टी 5 किलोमीटर दूर असताना ते फक्त 260 मीटर उंच असते आणि 2 किलोमीटरवर जेमतेम 100 मीटर. शिवाय विमान चढताना-उतरताना वाऱ्याकडं तोंड करते, म्हणून पूर्व-पश्चिम धावपट्टी असली तर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना उतरणारी विमानं पूर्वेकडच्या गावांवरून येतात आणि हिवाळ्यात वारा फिरला की तेच पश्चिमेच्या गावांवरून. एका महिन्यात पाहून "आमच्याकडं काही त्रास नाही" म्हणू नका राजेहो, वर्षभर पाहा.

आता कायद्याचं. आपल्या वस्तीला आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, डीजेवाल्याला पोलीस हेच सांगतात. पण विमानतळाच्या परिसराला 2018 पासून वेगळी मर्यादा आहे, दिवसा 65, रात्री 60. आणि वर्षाला 50,000 च्या वर विमानांची ये-जा झाली, म्हणजे रोज साधारण 137, की तो गजबजलेला विमानतळ धरतात आणि मर्यादा होते 70 आणि 65. म्हणजे त्रास वाढला की मर्यादाही वर सरकते! मला हे मुळीच पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्येच युरोपसाठी सांगितलं की रात्री विमानाचा आवाज सरासरी 40 च्या खाली पाहिजे.

आपल्या या मर्यादाही सरासरीवरच धरतात, आणि खरी गोम त्या सरासरीत आहे. समजा घरावरून 30 सेकंद 85 डेसिबलचा आवाज करत विमान गेलं, आणि अशी दिवसभरात 10 गेली, बाकी वेळ शांत. सकाळी 6 ते रात्री 10 ची सरासरी काढली तर ती 62 च्या आसपास येते, नियमात बसते. पण शाळेत मास्तरांना 10 वेळा शिकवणं थांबवावं लागलं, ते त्या आकड्यात कुठंच दिसत नाही. म्हणून सरासरीसोबत एकेका विमानाचा आवाज आणि त्याची वेळ नोंदलीच पाहिजे, ही मागणी आपण धरायची.

एक बाजू आपलीही आहे. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला, सोलायला आणि घाण टाकायला बंदी आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं येतात आणि विमानाला धडकतात. मेलेलं ढोर नाल्यात फेकायची आपली सवय सोडावी लागंल, आणि ग्रामपंचायतीनं खड्ड्याची जागा ठरवून द्यावी लागंल.

तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या की शाळेजवळ आणि दवाखान्याजवळ आजच आवाज मोजावा आणि दरवर्षी मोजावा, आणि तो कलेक्टर साहेबांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, पोच घ्या. तोवर एक रजिस्टर ठेवा: तारीख, वेळ, विमान कोणत्या बाजूनं आलं, काय थांबलं. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा पक्का पुरावा नाही तरी तोही लिहा. ठरावाचा मजकूर मी लिहून देतो, पण रात्रीच्या वेळा तुम्हालाच टिपाव्या लागतील.