नववी 'ब'चा एक आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीच्या मुलांवर रेडिओवर भाषणं होतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात, निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात. पहिलीच्या मुलांना प्रवेशोत्सवात फुगे मिळतात, फूल मिळतं, कुठेकुठे बैलगाडीतून मिरवणूकही निघते. नववीला काही मिळत नाही, उलट हातात होतं तेही जातं. म्हणून आज नववीबद्दल बोलते, आणि तेही मुलांच्या शाळेतल्या नववीबद्दल. तालुक्याच्या गावी अशाच एका शाळेत मी मराठी शिकवते आणि नववी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे. पटावर साठेक मुलं. निम्मी गावातली, निम्मी खेड्यांवरून एस.टी.नं येणारी.

आठवडा घेतलाय श्रावणातला, आणि तो आमच्याकडे सोमवारी सुरूच होत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते, म्हणजे कानबाई देवीची स्थापना होते. आपल्यापैकी बहुतेकांना हे सांगायला नको, पण नाशिककडून बदली होऊन आलेल्या आमच्या एका सरांना पहिल्या वर्षी ते समजावून सांगावं लागलं होतं. रविवारची रात्र जागरणाची, सोमवारी सकाळी विसर्जन. बायका कानबाई डोक्यावर घेऊन निघतात, पुढे वाजंत्री, आणि वाजंत्रीच्या पुढे आमची अख्खी नववी नाचत असते. अकराच्या घंटेला वर्गात वीसेक मुलं होती. त्यातल्या काहींच्या कपाळावर अजून गुलाल होता आणि डोळे मिटत होते. अशा दिवशी धडा शिकवायला घेणं म्हणजे स्वतःचीच फजिती. मी हजेरीपट उघडला, गैरहजर मुलांच्या नावापुढे कारणं विचारत गेले. वर्ग एका सुरात उत्तर देत होता, "कानबाई, मॅडम." "कानबाई." "कानबाई." मागच्या बाकावरच्या एका नावालाही तेच उत्तर आलं, फक्त या वेळी एकट्याचा आवाज आला आणि जरा उशिरा आला. त्या मुलाला वर्गात सगळे पकड म्हणतात, कारण तो कबड्डीत पाय धरला की सोडत नाही. मीही इथे त्याला पकडच म्हणते.

कानबाईच्या आठवड्यात मधल्या सुट्टीचं गणितही बदलतं. एरवी आमच्याकडे डबा ज्याचा त्याचा नसतो. कळण्याची भाकरी एकाची, मिरचीचा ठेचा दुसऱ्याचा, शेवभाजीवर हक्क सगळ्यांचा. पण कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांतच खायचे, घराबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा बऱ्याच घरांत नेम आहे. त्यामुळे या आठवड्यात काही मुलं डबाच आणत नाहीत, सकाळी घरी रोट खाऊन येतात आणि दुपारी इतरांच्या डब्यात हात घालतात. "तुझं काय?" असं कोणी विचारत नाही. चौदाव्या वर्षी मुलगे फार धसमुसळे असतात हे खरं, पण कोणाचा नेम काय आहे हे त्यांना न सांगता कळतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय.

मंगळवारी वर्ग भरला. नाचून, ओरडून सगळ्यांचे घसे बसलेले. तसेही नववीत आवाज फुटत असतात. एकच मुलगा "हजर" म्हणतो तेव्हा 'ह' त्याच्या वडिलांचा असतो आणि 'जर' त्याच्या धाकट्या बहिणीचा. वर्ग हसतो, तो लाल होतो आणि दुसऱ्या दिवसापासून नुसता हात वर करतो. हजेरीत दुसरी गंमत नावांची. कागदावर नाव काहीही असो, आमच्याकडे घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असलं की त्याला नावानं हाक मारायची नाही. म्हणून चौदा वर्षांची पोरं बापू, आबा, नाना, अप्पा म्हणून वावरतात. "आबा, त्या आप्पाची वही दे" हे वाक्य एखाद्या ओट्यावरचं वाटेल. ते आमच्या तिसऱ्या बाकावरचं आहे.

पकड मंगळवारीही नव्हता.

आता जरा थांबून नववीच्या हातून काय जातं ते सांगते. मधल्या सुट्टीत आमच्या आवारात खिचडीचा वास सुटतो. पोषण आहार आहे पहिली ते आठवी. जूनमध्ये शाळा उघडली की नववीत नुकतीच आलेली काही मुलं सवयीनं ताट घेऊन रांगेत उभी राहतात आणि आठवीतली मुलं त्यांना बाहेर काढतात. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंतच. नववीचा संच विकत घ्यायचा, नाहीतर दहावीत गेलेल्याकडून निम्म्या किमतीत. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे तोही आठवीशी येऊन थांबतो. बालकामगारांचा कायदा २०१६ मध्ये सुधारला, त्यानुसार चौदा पूर्ण झालेल्या मुलाला फक्त धोकादायक कामांवर ठेवायला मनाई आहे, बाकी कामं मोकळी. चारही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या, वेगवेगळ्या हेतूनं ठरलेल्या. पण त्या सगळ्या एकाच उन्हाळ्यात, एकाच मुलाच्या बाबतीत संपतात. मिळतं काय, तर आठवीत एन.एम.एम.एस. या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत निवड झाली असेल तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. वर्गात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एस.टी.चंही सांगायला हवं. मुलींना पास मोफत आहे, त्यांना शाळेत ने-आण करायला मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या आहेत. मुलांनी भाड्याचा एक तृतीयांश भरून पास काढायचा. मुलींना मिळतं ते योग्यच आहे. आठवीनंतर मुलींची शाळा सुटायची आणि पुढच्या वर्षी लग्नपत्रिका यायची, तो काळ मी पाहिलाय, त्यामुळे माझी त्याबद्दल काडीची तक्रार नाही. माझं म्हणणं इतकंच की मुलगी शाळेतून गळली तर आता चार जण विचारायला येतात. मुलगा गळला तर लोक म्हणतात, कामाला लागला. 'लागला' म्हटलं की ते वाईट वाटतच नाही.

बुधवारी भित्तिपत्रकाचा दिवस. ही कल्पना माझी नाही, आमच्या मातीतलीच आहे. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाचं काम पाहत होते, तेव्हा ते मुलांसाठी स्वतःच्या हातानं लिहून रोजचं वर्तमानपत्र काढत. १९३० च्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. गुरुजींसारखं रोज लिहिणं आपल्याला झेपणारं नाही, म्हणून मी मुलांकडूनच आठवड्याला एकदा लिहून घेते. नियम एकच ठेवलाय, निबंधातलं वाक्य आलं की कागद परत. 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' असं कोणी लिहिलं की मी त्याला विचारते, काल पावसात तू कुठे होतास ते लिही.

या बुधवारी सगळ्यांत चांगला कागद युरियावर होता. लिहिणारा मंगळवारी अर्धा दिवस नव्हता. "काबर उना नही रे दुपारले?" असं मी त्याला त्याच्याच बोलीत, अहिराणीत, विचारलं होतं. तो म्हणाला, "युरियानी लाइनमा व्हतू, मॅडम." मी म्हटलं, मग तेच लिही. त्यानं लिहिलं की कपाशीला दुसरा हप्ता द्यायची वेळ झाली आणि दुकानात गाडी आली आहे असा फोन आला. यंत्रावर अंगठा वडिलांचाच लागतो, पण वडील शेतात. म्हणून त्याला रांगेत नंबर धरायला पाठवलं. रांगेत माणसांपेक्षा चपला जास्त होत्या. प्रत्येक जण आपली चप्पल ठेवून सावलीला बसलेला. यानंही चप्पल ठेवली. पुढे एक कुत्रं आलं आणि एक चप्पल घेऊन गेलं, आणि त्या माणसाचा नंबर गेला की राहिला यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलं. शेवटी वडील आले, अंगठा लागला, दोन गोण्या मिळाल्या. शेवटचं वाक्य होतं, 'चप्पल कोणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.' ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील दहा-बारा. मी एकही लाल केली नाही. इतर विषयांच्या शिक्षकांना हे पटत नाही आणि आमचा त्यावर वाद चालू असतो, पण चुका दुसऱ्या कागदावर सुधारता येतात.

गुरुवारी भूमितीची घटक चाचणी होती. त्याबद्दल न बोललेलंच बरं. मात्र पर्यवेक्षणाला मी होते आणि पकडचं बाक रिकामं होतं. पेपर गोळा करताना वर्गमंत्री हळूच म्हणाला, "मॅडम, तो बस स्टँडमागच्या गॅरेजवर असतो आता. दादाच्या ओळखीनं लागला." सोमवारचं ते उशिरा आलेलं 'कानबाई' मग माझ्या लक्षात आलं. मुलगे मित्राबद्दल खोटं बोलतात ते त्याला वाचवायला. चार दिवसांनी खरं सांगतात तेही त्याच कारणानं. त्यांना मी याबद्दल काही बोलले नाही.

शुक्रवारी क्रांतिदिनाच्या भाषणांची तयारी होती. नववीतल्या मुलाच्या भाषणाची सुरुवात 'सन्माननीय व्यासपीठ'पासून होते आणि पाठांतर विसरलं की तिथेच संपते. पण शिरीषकुमारवर बोलायचं म्हटलं की वर्ग जरा सावरून बसतो. एक तर नंदुरबार आपलंच. आणि दुसरं म्हणजे वय. शिरीषकुमारचा जन्म १९२६ चा. ९ सप्टेंबर १९४२ ला, 'चले जाव' सुरू झाल्याला बरोबर एक महिना झालेला असताना, नंदुरबारला मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात तो गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे. "म्हणजे पंधरा वर्षांचा, मॅडम?" हो, पंधरा वर्षांचा. "आमच्यापेक्षा एकच वर्षानं मोठा?" मग वर्गात चर्चा सुरू झाली की तो शाळा बुडवून मिरवणुकीला गेला होता का, घरी विचारलं होतं का, हातात झेंडा असताना पळता का आलं नसेल. भाषणात घालण्याजोगं यातलं काहीच नव्हतं. पण हे प्रश्न खरे होते, म्हणून मी तास तसाच जाऊ दिला. त्याच्या तोंडी घोषणा गुजरातीत होती हे सांगितल्यावर वर्गातल्या अहिराणी बोलणाऱ्यांना फार आनंद झाला. देशभक्ती प्रमाण मराठीतच करायची असते, अशी त्यांची समजूत शाळेनंच करून दिलेली असणार.

शाळा सुटल्यावर मी पकडच्या घरी गेले. आई दारात होती, "या मॅडम, बसा" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. वडील हमालीवरून नुकतेच आले होते. "भाऊ, पोरगा आठवडाभर शाळेत नाही," मी म्हटलं. ते अजिबात रागावले नाहीत, लपवलंही नाही. "पोऱ्या कामले लागी ग्या ते बरं व्हयनं, मॅडम. मोठा तर काहीच शिकना नही. दहावीनं काय, सतरा नंबर भरी देसूत."

श्रोतेहो, हा सतरा नंबर आपल्याकडे घरोघर माहीत आहे. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. सोय चांगली आहे. शेतात, लग्नात, आजारपणात ज्यांची शाळा अडली अशा किती तरी बाया-माणसांनी त्यावर दहावी केली आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या घरात ती वेगळंच काम करते. ती बापाला सांगते, घाई नाही, पुढे कधीही होईल. आणि गॅरेजवर हजेरी घेणारं कोणी नसतं. म्हणजे पगाराची घेतात, पण 'काल का आला नाहीस' असं विचारणारं तिथे जे असतं, ते पैसे कापण्यासाठी विचारतं.

हे सगळं मी त्या घरात बोलले नाही. चहा घेतला. पकड मागच्या खोलीत होता, हाताला ग्रीसचा वास, नजर जमिनीवर. शाळेबद्दल तो काही बोलेना. निघताना मी सहज म्हटलं, "तालुक्याच्या कबड्डीच्या संघाची नावं पाठवायची आहेत, सतरा वर्षांखालच्या. क्रीडा शिक्षक विचारत होते." सहज म्हटलं असं म्हणते, पण रस्ताभर मी तेच वाक्य घोळवत आले होते. तो म्हणाला, "कोण-कोण घेतलंय?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी मराठीची बाई. वडील हसले.

शनिवारी सकाळची शाळा. क्रांतिदिनाचा कार्यक्रम झाला, 'सन्माननीय व्यासपीठ' दोघांचं अडलं, बाकीच्यांचं सुटलं. त्याच दिवशी राखीपौर्णिमा, त्यामुळे कोणाचं लक्ष भाषणात नव्हतं. कोणाला मामाच्या गावी जायचं होतं, कोणाची बहीण सासरहून येणार होती, आणि एस.टी.त त्या दिवशी खिडकीतून रुमाल टाकल्याशिवाय जागा मिळत नाही. मैदानावर मात्र कबड्डीची निवड चालू होती आणि पकड आला होता. गणवेशात नव्हता. गॅरेजच्या मालकाला दहा वाजेपर्यंत येतो असं सांगून आला होता. क्रीडा शिक्षकांनी त्याला सांगितलं की संघात नाव हवं तर सोमवारपासून वर्गात दिसायला हवा, नाव शाळेच्या पटावरच्याच मुलाचं जातं. त्यानं मान हलवली. मग दोन चढायांत तीन गडी बाद केले आणि सायकलवर टांग मारून गॅरेजकडे गेला.

तो मराठीसाठी आला नाही, भूमितीसाठी तर नाहीच नाही, याचं मला काही वाटत नाही. आठवीपर्यंत खिचडीच्या वासानंही मुलं शाळेत आलेली आहेत. तालुक्याचे सामने होईपर्यंत तरी त्याचं नाव रोज घ्यायला मिळेल. वडिलांशी दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचं बोलणं झालंय, सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेज, बाकी शाळा. त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. भूमितीची राहिलेली चाचणी तो बुधवारी देईल, असं त्या सरांनी कबूल केलंय, थोडी कुरकुर करून.

नमस्कार.