एक मिनिट श्वास मोजायचा

दृश्य: गोव्यातल्या साखळीचा बसस्टँड, पहाट, पत्र्यावरून पाणी गळतंय

पणजीची बस अजून लागलेली नाही आणि ताई खांबाला टेकून उभ्याउभ्याच डोळे मिटून घेताहेत. काल रात्री मुलाचा अभ्यास, त्याआधी सासूबाईंची औषधं, परवा नाइट ड्युटी होती त्याची झोप अजून भरलेली नाही आणि आता आठला मॉर्निंग. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, इस्पितळाचं पण नाही, कारण उद्या परत त्यांना तिथेच जायचंय. त्या नर्स आहेत, आपण ताईच म्हणूया.

दृश्य: बसमधली सीट, मांडीवर उघडलेली बॅग

बॅग जरा नीट बघा. डबा, त्यात उकड्या तांदळाचा भात आणि भाजी, जो दोन वाजेपर्यंत उघडेल की नाही सांगता येत नाही. जाड तळाचे शूज. दोन पेनं, एक निळं एक लाल. छोटी कात्री. आणि मनगटावर साधं घड्याळ, जुनं, पण सेकंदकाटा असलेलं. मोबाइल आहे तरी घड्याळ का, असं आम्ही विचारलं तर त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की प्रश्नच चुकला होता. त्या सेकंदकाट्यासाठीच हा व्हिडिओ आहे असं समजा.

दृश्य: नर्सिंग कॉलेजची लॅब, बेडवर एक विद्यार्थिनी पेशंट बनून झोपलेली, दुसरी बाजूला उभी

ही मुलगी नाडी बघतेय असं वाटतंय ना? नाडी मोजून झालीय तिची. हात मनगटावर तसाच ठेवलाय आणि नजर आता छातीवर आहे, ती श्वास मोजतेय. पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस लगेच मुद्दाम श्वास घ्यायला लागतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून हात तसाच, चेहरा तसाच, आणि पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, निदान इथे लॅबमधे तरी मॅडम करू देत नाहीत.

बीपी, ऑक्सिजन मशीन दाखवतं, ताप थर्मामीटर दाखवतो. श्वास मात्र साध्या वॉर्डात माणसानेच मोजावा लागतो. आणि पेशंट आतून बिघडायला लागला की बऱ्याच वेळा बीपी खाली यायच्या आधी श्वासाचा वेग बदललेला असतो. म्हणजे सगळ्यात आधी सांगणारा आकडा हा, आणि चार्टवर अंदाजाने लिहिला जाणारा आकडा पण हाच. २०, २०, १८, २०. कुठल्याही देशातल्या नर्सला विचारा, ती हसेल आणि मग गप्प होईल.

आता साधा हिशोब. वॉर्डात ३० पेशंट असतील तर फक्त श्वास मोजायला अर्धा तास. एका फेरीचा. ताईंच्या वॉर्डात रात्री दोन नर्सेस असतात, त्यातली एक ॲडमिशनला अडकली की एकच. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष असे आहेत की टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर हॉस्पिटलात पाचामागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी वर ३० टक्के जादा. हे तीनाला एक प्रत्यक्षात कुठे दिसतं ते आम्हाला दाखवायला आवडलं असतं.

दृश्य: पणजी, मांडवीकाठची जुनी इमारत, संध्याकाळचा उजेड

ही इमारत बऱ्याच जणांना इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे माहीत आहे, तिकिटांची रांग, लाइटिंग, सेल्फी. पण हे जुनं मेडिकल कॉलेज. पोर्तुगीजांच्या काळात १८४२ मधे सुरू झालेली एस्कोला मेडिका, आशियातल्या सगळ्यात जुन्या मेडिकल शाळांपैकी एक, मुक्तीनंतर १९६३ मधे तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि नंतर सगळं बांबोळीला गेलं. या लांब व्हरांड्यांत किती नर्सेसनी किती रात्री काढल्या असतील, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, डॉक्टरांची बरीच आहेत. हे मुद्दाम सांगतोय.

दृश्य: ताईंच्या घरची ओसरी, चार जणी चहा घेताना, फक्त हात दिसतात

बर्नआउट हा शब्द या चौघींना माहीत आहे, ट्रेनिंगमधे ऐकलाय. १९७४ मधे न्यूयॉर्कच्या एका फुकट दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो कामाच्या थकव्यासाठी वापरला. त्याआधी हा शब्द नशेने पार संपलेल्या लोकांबद्दल बोलला जायचा, आणि त्याला दिसलं की त्यांची सेवा करणारे पण तसेच संपताहेत, तो स्वतः सुद्धा. मग १९८१ मधे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली काढली. त्यात तीन गोष्टी बघतात. मन रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतच नाही असं वाटायला लागणं. २०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की हा आजार नाही, ही कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट आहे. कामाच्या जागेशी, हे परत एकदा ऐका.

कोरडेपणा कसा येतो ते ताईंनी सांगितलं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या नर्सला पेशंट सोपवताना, बेडचा नंबर सांगतातच, त्यात काही वाईट नाही. पण चांगल्या दिवशी त्या चौदा नंबरची आजी म्हणतात. आजी पेडण्याची आहे, तिला पेज लागते, गोळी दाताखाली लपवते. वाईट महिन्यात फक्त चौदा नंबर. आणि हे आपल्या तोंडून झालं की त्यांना स्वतःलाच ऐकू येतं, बसमधे बसल्यावर.

दृश्य: रिकामा बेड, चादर बदलणारे दोन हात

हा शॉट आम्हाला सगळ्यात जास्त आवडला म्हणून लांब ठेवलाय. आधी गादी पुसून कोरडी केली. मग चादर मधोमध टाकली, घडीची रेघ बरोबर मधे. डोक्याकडची बाजू आत, मग कोपरा उचलून त्रिकोण करायचा, खालचा भाग आधी खोचायचा, मग त्रिकोण खाली आणून तो पण. एक सुरकुती राहता कामा नये, कारण जो माणूस स्वतः कुशीवर वळू शकत नाही त्याच्या पाठीला ती सुरकुती तासन्तास टोचते, ओल आणि दाब साठला की जखमा होतात. त्यावर रबरी शीट, त्यावर आडवी चादर. या बेडवरचा माणूस पहाटे गेला. ताईंनी त्याच्या बायकोला बाकावर बसवलं, पाणी दिलं, कागद पूर्ण केले, हात धुतले आणि पंधरा मिनिटांत हा बेड तयार केला, कारण कॅज्युअल्टीतून फोन आला होता.

याला संशोधनाच्या भाषेत चिवटपणा म्हणतील. फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास मानसिक भांडवल अशी कल्पना मांडली, त्यात चार गोष्टी. आशा, स्वतःच्या कामावरचा विश्वास, पडल्यावर परत उभं राहणं, आणि पुढे बरं होईल ही नजर. आशा म्हणजे नुसतं देवावर हवाला ठेवणं नव्हे, एक वाट बंद झाली तर दुसरी दिसणं. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, ताई दुसरा हात बघतात, गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल ठेवतात, हात खाली लोंबता ठेवायला सांगतात, मग सापडते. तेच ते.

वेगवेगळ्या देशांतल्या नर्सेसवरचे अभ्यास बघितले तर बऱ्याच ठिकाणी तेच दिसतं, जिच्याकडे हे भांडवल जास्त तिच्यात बर्नआउट कमी आणि काम चांगलं. खरं आहे, आणि ट्रेनिंगने हे थोडंफार वाढवता पण येतं. पण बहुतेक अभ्यासांत फॉर्म एकदाच भरून घेतलेला असतो, काम कसं चाललंय ते पण नर्सनेच स्वतःबद्दल लिहिलेलं. मग मन घट्ट आहे म्हणून थकवा कमी, की थकवा कमी म्हणून मन घट्ट राहिलंय, हे कसं ठरवणार? आणि भांडवल म्हटलं की ते खर्च पण होतं ना. साखळीच्या बाजारातला कुठलाही दुकानदार सांगेल की रोज गल्ल्यातून काढत राहिलं आणि माल भरला नाही तर काय होतं.

लिंडा एकेन यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, पेन्सिल्वेनियातली १६८ हॉस्पिटलं. एका नर्समागे सरासरी एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी जास्त. नर्सला मन कसं घट्ट करायचं त्याची वर्कशॉप घ्या, जरूर घ्या, ताईंना एक आवडलं पण होतं, पण त्या दिवशी त्यांच्या जागी वॉर्डात कोणी नव्हतं आणि ती ड्युटी त्यांनी रविवारी भरून काढली.

दृश्य: ताईंच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळांची सजावट, बांधताना, काकड्या, सुपाऱ्या, नारळ

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळ्यांनाच रजा हवी असते. ताईंच्या वॉर्डात हे कागदावर नाही, पण ठरलेलं आहे, चवथीचे दोन दिवस ख्रिश्चन सिस्टर उभ्या राहतात, नाताळला ताई आणि बाकीच्या. केरळच्या दोघी ओणम सोडून कशालाच नाही म्हणत नाहीत. या एवढ्यावर वॉर्ड चालतो. रोस्टर बनवणाऱ्या इन्चार्ज सिस्टरना हे माहीत असतं आणि त्या डोळेझाक करतात, त्यांचे आभार.

२०२१ च्या मे महिन्यातल्या कोविडच्या रात्री, ऑक्सिजनचा प्रश्न, हायकोर्ट, ते सगळं गोव्याला आठवतंय. त्याचं आमच्याकडे फुटेज नाही. ताई त्यावर बोलल्या नाहीत, आम्ही पण परत विचारलं नाही.

बाकी ज्यांना झेपत नाही त्या सोडतात, गल्फ, यूके, आयर्लंड, औषधात चुका होतात, पेशंट बेडवरून पडतात, हे सगळं आहेच.

दृश्य: वॉर्डाचा दरवाजा, आत बेडभोवती ओढलेला हिरवा पडदा

दुपारचे दोन वाजून गेलेत, ड्युटी संपलीय, इव्हिनिंगच्या सिस्टरला ओव्हर देऊन झालंय. अडीचच्या बसला अजून वेळ आहे म्हणून ताई परत एकदा चौदा नंबरकडे गेल्यात, सकाळपासून आजीचं काहीतरी बरोबर वाटत नव्हतं. आम्हाला आत जायची परवानगी नव्हती, कॅमेरा दारातच आहे. पडद्याच्या खाली ताईंचे शूज दिसताहेत. त्या नाडी बघताहेत असं आजीला वाटत असणार.

हा शॉट आम्ही कापलेला नाही. पुढचं एक मिनिट निवेदन नाही.