खालच्या पट्टीतली अक्षरे

[काट्यावर तांब्याचे छोटे नाणे, वरून]

रोमन नाणे ओळखताना आधी वजन, मग व्यास, मग लेख. चेहरा शेवटी. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. हे नाणे अडीच ग्रॅमच्या जरा आत आहे, व्यास १७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची चित्रे एकाच दिशेला आहेत की उलटसुलट, तेही आत्ताच टिपून ठेवायचे.

[भिंगाखाली मागील बाजू, दिवा डावीकडे, टेबलाच्या पातळीवर]

उजेड वरून पडला की झिजलेली अक्षरे दिसेनाशी होतात. तिरका पडला की वर येतात. दिवा तसाच ठेवून नाणे फिरवा. आता दिसतात ते दोन सैनिक, हातात भाले, मध्ये दोन ध्वज. भोवती लेख आहे 'ग्लोरिया एक्सेर्सितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. ध्वज दोन असतील तर नाणे इ. स. ३३० ते ३३५ मधले. एकच असेल तर ३३५ नंतरचे, कारण तेव्हा वजन साधारण दीड ग्रॅमवर उतरवले गेले आणि आकारही लहान झाला. ध्वज पुसट असले तर काट्यावरून अंदाज बांधता येतो.

[दर्शनी बाजू, चार नाणी शेजारी शेजारी]

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचे मुलगे. चेहऱ्यावरून नाव सांगू नका. लेखाच्या शेवटी 'मॅक्स ऑग', म्हणजे थोर सम्राट, असेल तर बाप. नावापुढे 'आय व्ही एन', म्हणजे धाकटा, असेल तर बापाचेच नाव लावणारा मुलगा. मुलांच्या लेखात 'नोब सी' येते, म्हणजे ते अजून युवराज आहेत. सप्टेंबर ३३७ मध्ये ते सम्राट झाले आणि त्यांच्याही नावाला 'ऑग' लागले.

[खालची पट्टी, अगदी जवळून]

सगळ्यात मोलाची जागा ही. सैनिकांच्या पायाखालच्या रेषेच्याही खाली टांकसाळीची खूण असते. 'एस एम ए एन' म्हणजे अँटिओक, 'एस एम के' म्हणजे सिझिकस, 'टी आर' म्हणजे ट्रिअर. सोबतचे एखादे अक्षर टांकसाळीतल्या विभागाचे. इथे हमखास चूक होते ती 'कॉन्स' वाचताना. ३२८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लचे नाव बदलून कॉन्स्टंटिना झाले, त्यामुळे तिथली खूण 'पी कॉन्स्ट', 'एस कॉन्स्ट' अशी येते, विभागाचे अक्षर आधी. कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची, 'कॉन्स ए', 'कॉन्स बी', अक्षर मागे. शेवटचा 'टी' झिजला असेल तर हे पुढचे-मागचे अक्षरच आपल्याला फ्रान्समध्ये नेते किंवा बॉस्फरसच्या काठी. झिजलेले 'एन' आणि 'एच' असेच फसवतात: एक निकोमिडिया, दुसरे हेराक्लिया.

[कॅटलॉगची पाने]

'रोमन इम्पिरिअल कॉइनेज'चे या काळाचे खंड टांकसाळीनुसार लावलेले आहेत. ३३७ पर्यंत सातवा, त्यापुढे आठवा. टांकसाळ कळली नाही तर पान कुठले उघडणार?

[चांदीची नाणी]

आधीच्या शतकांत ही पट्टी बहुधा कामाची नाही. तिथे तारीख पदव्यांत असते. 'टी आर पी' म्हणजे सम्राटाकडे असलेला ट्रिब्यून या पदाचा अधिकार, तो दरवर्षी नव्याने मोजला जाई. सम्राट अँटोनायनस पायसच्या नाण्यावर त्यापुढे पंधराचा आकडा असेल तर साल १५१-१५२. त्याच्या आधीचा सम्राट हेड्रियन मात्र ११९ नंतर तिसऱ्यांदाच्या कॉन्सलपदावरच, म्हणजे रोमच्या सर्वोच्च वार्षिक पदावरच, थांबला. 'कॉस'पुढे (कॉन्सलचे लघुरूप) तीनच रेघा असल्या तर ११९ ते १३८ मधले कोणतेही वर्ष. 'पी पी', म्हणजे राष्ट्रपिता ही पदवी, दिसली तर १२८ नंतरचे धरता येते. आणि हा सम्राट टायबेरियस, दक्षिण भारतातल्या साठ्यांत ऑगस्टसच्या नाण्यांबरोबर भरपूर सापडणारा. मागे बसलेली स्त्री, लेख 'पोंटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित, वर्षाचा आकडा नाही. खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, खाली रेघ एक की दोन, पायाशी चौरंग आहे का, यावरून गट पाडतात. लेखातली अक्षरे उलटी किंवा अर्थहीन असली तर नक्कल असण्याची शक्यता धरून तपासा.

[ऊर्ध्वपातित पाण्यात भिजणारी नाणी, बांबूची काडी]

तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, नाणी नाही. ऊर्ध्वपातित पाणी, रोज बदललेले, आणि भिंगाखाली बांबूची टोकदार काडी. हिरवट घट्ट थर राहू द्या. अक्षरांचा आकार बऱ्याचदा त्या थरातच टिकलेला असतो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा रोग, असे नाणे लगेच वेगळे आणि कोरडे ठेवा. आम्लात टाकलेल्या नाण्याची खालची पट्टी आधी जाते आणि ओळखही.

[पाकिटावर पेन्सिलने लिहिणारा हात]

वजन, व्यास, दोन्ही लेख दिसतात तसे, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबे. टांकसाळ, कॅटलॉगचा खंड, त्यातला क्रमांक. आणि नाणे कुठे सापडले ते, गावाच्या नावासकट.