घ्यायला कोण येणार?

मंडळी, आपल्याकडे कोणी परगावी निघालं की पिशव्या भरून होतात, दशम्या बांधून होतात, आणि अगदी उंबऱ्यावर आजी विचारते, "स्टेशनवर घ्यायला कोण येणार?" पत्रिकेवर आजचा विषय 'पश्चिम आफ्रिका ते एनबीए' असा भारदस्त छापलाय. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. पण मी तीस वर्षं शाळेत बास्केटबॉल शिकवलाय, आणि माझ्या लेखी हा सगळा विषय आजीच्या त्या प्रश्नात बसतो.

१९८० साल. नायजेरियातल्या लागोसचा सतरा वर्षांचा एक मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय, घर खाऊनपिऊन सुखी. ह्यूस्टन विद्यापीठाच्या संघासाठी स्वतःला दाखवायला तो आला होता. बाहेर येऊन बघतो तर घ्यायला कोणीच नाही. त्याने विद्यापीठात फोन लावला. उत्तर आलं, टॅक्सी करून ये.

यात दुष्टपणा नव्हता हो. प्रशिक्षक गाय लुईस यांच्या एका मित्राने आफ्रिकेत हा मुलगा पाहिला होता आणि शब्द टाकला होता. लुईस म्हणाले असतील, येऊ दे, बघू. शिफारशीवर आलेल्या उमेदवाराला घ्यायला आपल्याकडे तरी कोण गाडी पाठवतं? तो टॅक्सीने गेला. चार वर्षांनी, १९८४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ ओळीने नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी, पहिलं नाव त्याचं पुकारलं गेलं. मायकल जॉर्डन त्या यादीत तिसरा होता. मुलाचं नाव हकीम ओलाजुवॉन.

हकीमने पंधराव्या वर्षापर्यंत बास्केटबॉल खेळलेला नव्हता. तो हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक असायचा. सुरुवातीच्या दिवसांतला एक किस्सा सांगतात. प्रशिक्षकाने त्याला डंक कसा मारायचा, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कसा कोंबायचा, ते दाखवलं. प्रशिक्षक स्वतः बुटका असावा, तो खुर्चीवर चढला आणि चेंडू आत घातला. मग म्हणाला, आता तू कर. हकीम शांतपणे खुर्ची ओढून तिच्यावर चढायला निघाला! खुर्ची काढून घेतल्यावर पहिल्यांदा त्याला डंक जमलाच नाही. एवढी उंची असून. मी हा किस्सा दर वर्षी पाचवीच्या वर्गात सांगतो. पोरं हसतात आणि सगळ्यात लाजरा मुलगा त्या दिवशी चेंडू मागतो.

आता त्याचे पाय बघा. बास्केटबॉलमधला उंच माणूस साधारणपणे कपाटासारखा असतो, उभा करून ठेवायचा. हकीमचे पाय गोलरक्षकाचे होते. गोलरक्षक चेंडूबरोबर समोरच्याच्या कमरेकडेही बघतो, कारण खांदा खोटं बोलतो, कंबर बोलत नाही. ते डोळे आणि ते पाय घेऊन हा रिंगखाली आला. पुढे त्याच्या चकव्याला 'ड्रीम शेक' असं नाव पडलं. इथे टेबलाजवळ करून दाखवतो, गुडघ्यांची जबाबदारी तुमची. पाठ रिंगकडे. चेंडू पोटाशी. डावा खांदा असा खाली टाकायचा, जणू या बाजूने निघालोच. रक्षकाचं वजन तिकडे गेलं की त्याच क्षणी पंजावर गिरकी, पिव्होट, आणि उजवीकडून वर. रक्षक शहाणा असेल आणि दुसऱ्या बाजूलाही आला, तर चेंडू फक्त वर उचलल्यासारखा करायचा. तो उडी मारतो. तो खाली येत असताना आपण वर जायचं. १९९५ साली डेव्हिड रॉबिन्सनला त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं होतं, आणि त्याच हंगामात पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत हकीमने त्याला असा काही हवेत टांगला, की ती चित्रफीत मुलं आजही बघतात.

कौतुक आवरतं घेतो. १९९४ आणि १९९५ अशी एनबीएची दोन सलग विजेतेपदं त्याने ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाला मिळवून दिली. १९९३–९४ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, तिन्ही तोच. एकाच हंगामात हे तिन्ही मान दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाहीत. ३,८३० ब्लॉक्सचा, म्हणजे समोरच्याचा रिंगकडे निघालेला चेंडू हवेतच अडवण्याचा, विक्रमही अजून त्याच्या नावावर आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजानचे रोजे पाळत तो खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टॅक्सीची गोष्ट आपल्याला गोड लागते, कारण शेवट ठाऊक आहे. आता दुसरी ऐका.

टाको फॉल, सेनेगलच्या डकारचा. उंची साडेसात फूट, म्हणजे २२९ सेंटिमीटर. याच्यासमोर ओलाजुवॉनही मान वर करून बोलेल. सोळाव्या वर्षी हाही ह्यूस्टनलाच आला. या वेळी घ्यायला माणसं होती. एवढ्या उंचीच्या मुलाला घ्यायला माणसं येतातच, प्रश्न एवढाच की ती त्याला नेतात कुठे. ज्या छोट्या शाळेत त्याला घातलं, तिथल्या शिक्षणाला अमेरिकेत विद्यापीठांचा खेळ चालवणारी संस्था, एनसीएए, मान्यता देईना. मग हा मुलगा या राज्यातून त्या राज्यात फिरत फिरत अखेर फ्लोरिडातल्या एका शाळेत स्थिरावला. अभ्यासात अव्वल, संगणकाची आवड. तरीही विद्यापीठाचा पहिला हंगाम तोंडावर आला तेव्हा पहिल्या शाळेचे कागद आडवे आले आणि त्याला अपात्र ठरवलं. बऱ्याच लढाईनंतर परवानगी मिळाली.

हे कागदाचं प्रकरण जरा सावकाश सांगतो, कारण खरी मॅच तिथेच होते. परदेशी मुलाला अमेरिकेत शिकायला एफ-वन व्हिसा लागतो. तो मिळायला शाळेने आय-ट्वेंटी नावाचा फॉर्म द्यावा लागतो, आणि सरकारने मान्यता दिलेल्या शाळेलाच तो देता येतो. शिवाय खर्च कोण भागवणार याचा पुरावा आणि दूतावासातली मुलाखत. पण आय-ट्वेंटी देण्याची मान्यता असलेल्या शाळेचे विषय एनसीएए मानेलच असं नाही. ती गाठ वेगळी. वरच्या श्रेणीत खेळायचं तर सोळा मूलभूत विषय पूर्ण हवेत, इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे, तेही मान्य यादीतले. शाळा बदलली की तो फॉर्मही नव्या शाळेकडे वळवून घ्यावा लागतो. ते राहिलं, तर मुलाचा देशात राहण्याचा हक्कच लटकतो. आता डकारमधल्या आईने या दोन मान्यतांमधला फरक ओळखायचा कसा? तिच्यासमोर बसलेल्या माणसाने कोटाच्या खिशातून एक फॉर्म काढला आहे, त्यावर अमेरिकन शाळेचा शिक्का आहे. तो माणूस देवदूत आहे की दलाल, हे कागदावर लिहिलेलं नसतं. परक्या शहरात पोरांना सोडून पसार झालेले दलाल आफ्रिकेच्या फुटबॉललाही ठाऊक आहेत आणि बास्केटबॉललाही.

मी हे तिऱ्हाइतासारखं सांगत नाही. माझा एक विद्यार्थी होता, आईवडील ऊसतोडीला जायचे. नववीत सहा फूट तीन इंच. राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कागद तपासताना बोनाफाईडवर आडनाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने निघालं. एक वेलांटी, बस्स. दोन दिवस तो बाकावर बसून राहिला, बूट घालून, नाड्या बांधून. मी त्याला बूट काढ म्हणालो नाही आणि त्यानेही काढले नाहीत. ती वेलांटी वेळेत बघणं माझं काम होतं.

आणि आपला सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा. २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्लोरिडाच्या अकादमीत गेला. २०१५ मध्ये डॅलस संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं, एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. पेपरांनी मथळे दिले. पण अभ्यासाच्या अटी पुऱ्या न झाल्याने त्याला विद्यापीठाची वाट बंद झाली होती, हे मथळ्यात आलं नाही. जी तीन-चार वर्षं हकीमला ह्यूस्टनमध्ये मिळाली, उन्हाळ्यात एनबीएतल्या मोझेस मलोनसारख्या दांडगटाच्या कोपरांचा मार खात शिकायला, ती सतनामला मिळाली नाहीत. एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही.

टाको फॉलचं पुढे काय झालं ते राहिलंच. विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये, त्याच्या सेंट्रल फ्लोरिडा संघाने बलाढ्य ड्यूक विद्यापीठाला जवळजवळ लोळवलं होतं, ७७–७६, एका गुणाने गेला सामना. ड्राफ्टमध्ये कोणी निवडलं नाही. तरी बॉस्टनने घेतलं, प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करायचे, मग क्लीव्हलंड, मग चीनमधला क्लब. परदेशी व्यावसायिक खेळाडू म्हणून कमाई झाली. याला अपयश म्हणणाऱ्याने आधी साडेसात फुटांच्या शरीराने विमानाच्या सीटवर बसून दाखवावं.

आता सेनेगलमध्येच थांबू. डकारच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर त्येस नावाचं शहर आहे. आपल्या भुसावळसारखं रेल्वेचं गाव. फ्रेंचांच्या राज्यात १९४७ चा मोठा रेल्वे संप तिथे लढला गेला. या गावात अमादू गालो फॉल यांनी 'सीड्स' नावाची निवासी अकादमी उभी केली. हे स्वतः खेळामुळे अमेरिकेत शिकायला गेले, जीवशास्त्राची पदवी घेतली, पुढे डॅलस संघासाठी खेळाडू हेरायचं काम केलं. म्हणजे घ्यायला येणाऱ्या माणसाची नोकरी त्यांनी स्वतः केली होती, आणि मुलगा विमानात बसायच्या आधी काय व्हायला हवं हे त्यांना कळलं होतं. संस्थेच्या पूर्ण नावात खेळानंतर लगेच शिक्षण येतं. मुलं तिथे राहतात, शाळा करतात, इंग्रजी घोटतात. वोलोफ घरची, फ्रेंच शाळेची, इंग्रजी पुढची.

तिथला गॉर्गी जेंग. केबेमेर गावचा. वोलोफमध्ये गॉर्गी म्हणजे वडीलधारा, आपण पोराला 'आबा' किंवा 'अण्णा' म्हणतो ना, तसंच. सीड्समधून तो वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत गेला, तिथून लुईव्हिल विद्यापीठात. २०१३ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये एकविसाव्या क्रमांकावर निवड होऊन तो मिनेसोटाकडे आला. दहा वर्षं एनबीएत टिकला आणि खेळ संपल्यावर सॅन अँटोनिओ संघाच्या कार्यालयात बसला. त्याच्या गोष्टीत खुर्ची नाही, टॅक्सी नाही. सांगायला जरा कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच मला ती फार आवडते.

काहींच्या बाबतीत सख्खं माणूसच समोर असतं. नायजेरियाच्या बेनिन सिटीचा फेस्टस इझेली चौदाव्या वर्षी कॅलिफोर्नियात काकांकडे गेला. काका डॉक्टर, यालाही डॉक्टर व्हायचं होतं. बास्केटबॉल तिथे गेल्यावर शिकला, आणि २०१५ मध्ये एनबीए जिंकणाऱ्या गोल्डन स्टेट संघात होता. मुलींचं कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. डकारची अस्तू न्दूर किशोरवयात स्पेनला गेली, स्पेनची नागरिक झाली, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांच्याकडून रौप्य आणि २०२१ मध्ये शिकागोकडून अमेरिकेतल्या महिलांच्या लीगचं विजेतेपद.

मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं की आता विद्यापीठातही पैसे मिळतात म्हणे. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येतं. मात्र एफ-वन व्हिसावाल्याला अमेरिकेत काम करण्यावर बंधन आहे. शेजारच्या लॉकरवाला मुलगा जाहिरातीतून गाडी घेतो आणि हा वसतिगृहात. काँगोचा ऑस्कर शिब्वे केंटकीकडून खेळायचा, देशातला सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू. २०२२ मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा त्याने जाहिरातींचं काम तिथे उरकून घेतलं. अमेरिकेबाहेर ना! मला तर आपल्या वकिलांची आठवण झाली.

अलीकडे वाटच बदलते आहे. २०१७ मध्ये एनबीएने सेनेगलमध्ये स्वतःची अकादमी काढली, आता ती समुद्रकाठच्या साली गावात आहे. त्याच वर्षी आपल्याकडे ग्रेटर नोएडातही काढली होती. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांचा सामना झाला, त्याला मी शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे जुहूत वाढलेले, हे कळल्यावर आमच्या पोरांनी त्याच संघाची बाजू घेतली. हरले, एका गुणाने, तेही जादा वेळेत.

आणि २०२१ मध्ये रवांडातल्या किगालीला बास्केटबॉल आफ्रिका लीग सुरू झाली, बारा संघांची. अध्यक्ष पुन्हा तेच अमादू गालो फॉल. पुढच्या वर्षापासून एनबीएच्या त्या अकादमीतला एकेक मुलगा प्रत्येक संघात खेळू लागला, म्हणजे परदेशी जायच्या आधीच व्यावसायिकांच्या कोपरांची ओळख. २०२३ च्या अंतिम सामन्यात डकारचा जो संघ पोहोचला, त्याचं नाव एएस दुआन. दुआन म्हणजे कस्टम! आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका यांचे कबड्डीचे संघ असतात तसा जकात खात्याचा संघ. कैरोच्या अल अहलीकडून तो हरला.

या लीगचे सेनेगलमधले सामने डायम्नियादियोच्या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये होतात, पंधरा हजार प्रेक्षक बसतात. डकारहून नव्या विमानतळाकडे निघालं की हे स्टेडियम वाटेतच लागतं.