न थांबणारी बी : सेरादोच्या माळावरची कागाइता

(दृश्य: करपलेलं गवत, वणव्यानं काळे पडलेले बुंधे. फक्त वाऱ्याचा आवाज.)

ऑगस्ट संपत आलाय. मध्य ब्राझीलच्या गोयास राज्यात मे महिन्यापासून पावसाचं नाव नाही. गवत पायाखाली कुरकुरतंय, मधूनमधून वणवा लागून गेलाय. अशा दिवसांत एखाद्या झाडानं फुलायचं म्हणजे खुळेपणाच.

हे बघा, फुललंय.

(दृश्य: पांढऱ्या फुलांनी लगडलेलं कागाइताचं झाड.)

वाकडातिकडा बुंधा, बुचासारखी जाड, भेगाळलेली साल आणि फांदीफांदीवर पांढरी फुलं. जुनी पानं झडून गेलीत; नवी तांबूस पालवी फुलांच्या बरोबरीनंच फुटतेय. हे कागाइता. आणि ज्या माळरानावर ते उभं आहे, ते सेरादो: सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सहा महाराष्ट्र सहज मावतील एवढं.

(दृश्य: फुलाचा जवळून शॉट. मधमाशी.)

फूल जरा जवळून पाहू. चार पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुपका. जांभळाचा मोहोर पाहिलेल्या माणसाला ही ठेवण ओळखीची वाटेल. वाटायलाच हवी, कारण कूळ एकच. पेरूही याच घरातला. तो मूळचा अमेरिकेचा, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि इतका रुळला की परका वाटतच नाही.

पेरूच्या बुडाशी सुकलेला मुकुट असतो ना, तीच फुलाची निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दलं. या झाडांत बीजांडकोश निदलांच्या खाली असतो. तो फुगून फळ होतं आणि निदलं फळाच्या टोकाला तशीच चिकटून राहतात. कागाइतालाही तो मुकुट आहे.

मधमाश्या येतात त्या परागासाठी. काही दिवसांत बहर ओसरतो आणि मग झाड अक्षरशः घाईला येतं. फुलापासून पिकल्या फळापर्यंत जेमतेम महिना-सव्वा महिना! आंब्याला विचारा, त्याला तीन-चार महिने लागतात. कागाइताच्या फुलात बीजांडं बरीच असतात, पण बहुतेक वाटेतच सुकतात. शेवटी एक, दोन, फार तर तीन-चार बिया धरतात. जे काही अन्न आहे ते त्यांच्याच वाट्याला.

(दृश्य: पिवळसर फळ हातात. सुरीनं कापलं जातं.)

ऑक्टोबर. फळ फिकट पिवळं, लिंबाहून लहान, आंबट-गोड, रसाळ. आत गुळगुळीत बी. शेंगदाणा चिमटीत दाबला की त्याची दोन दळं होतात. ही बी कितीही दाबा, होणार नाहीत. दोन्ही बीजपत्रं एकजीव झालेली, सगळा एकच घट्ट, पांढुरका गोळा.

आणि या गोळ्यात जवळजवळ निम्मं पाणी.

खरी गोष्ट इथे आहे. ज्वारीचा दाणा कणसातच वाळतो, म्हणून कणगीत वर्षभर टिकतो. कागाइताची बी वाळतच नाही. वाळली की मेली. मेच्या कोरड्यात पडली असती तर पाऊस येईपर्यंत तग धरणं शक्य नव्हतं. ती पडायला हवी पहिल्या सरींच्या सुमाराला. तिथून मागे मोजत या, म्हणजे ऑगस्टच्या फुफाट्यात फुलण्याचा हिशेब लागतो.

आपलं जांभूळ काही वेगळं करत नाही. ऐन उन्हाळ्यात मोहोर, मृगाच्या तोंडावर फळ. त्याचीही बी साठवायची नव्हे. जीभ जांभळी करून अंगणात थुंकलेली बी चार सरींत उगवते. कधी एकाच बीतून दोन-तीन कोंब येतात.

(दृश्य: गुडघाभर उंचीची गाबिरोबा. हिरवी-पिवळी फळं.)

कुळातल्या सगळ्यांचा मात्र हाच खाक्या नाही. इथेच वाढणारा आरासा हा पेरूचा रानटी भाऊ. त्याच्या बिया दातांना लागतात तशाच टणक, वाट पाहू शकणाऱ्या. याच कुळातल्या गाबिरोबा या झुडपाच्या फळात कप्प्याची तैलग्रंथींनी भरलेली भिंतच बीभोवती कवचासारखी राहते. शेजारच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात तिला ग्वाविरा म्हणतात. तिथलं ते राज्यफळ.

(दृश्य: ताटलीत बीचे कापलेले तुकडे, एकेकाला मूळ फुटलेलं.)

आता ही ताटली. ब्राझीलच्या बीज-अभ्यासकांनी कागाइताच्याच युजिनिया वंशातल्या काही बिया सुरीनं कापल्या. अर्ध्या केल्या, काहींचे आणखी लहान तुकडे. त्यातल्या बऱ्याच तुकड्यांना मूळ आणि कोंब फुटला. किड्यानं निम्मी बी पोखरली, तरी उरलेली निम्मी कामाला लागू शकते.

कागाइता या नावाबद्दल विचाराल, तर ज्या पोर्तुगीज क्रियापदावरून ते आलंय ते आपणही चारचौघांत उच्चारत नाही. शास्त्रीय नाव आहे युजिनिया डिसेंटेरिका. काय ते समजा. उन्हात तापलेली फळं पोटभर खाल्ली की पोट बिघडतं, हे इथे पोराटोरांना ठाऊक. तरी सरबत आणि आइस्क्रीम झोकात खपतं.

(दृश्य: क्षितिजापर्यंत सोयाबीन.)

सेरादोचा निम्म्याच्या आसपास भाग आता शेती आणि कुरणांखाली गेलाय. ज्वारीसारखी ही बी वाळवून, गोठवून बियाणे-पेढीत ठेवता येत नाही. जपायची तर जिवंत झाडंच जपावी लागतात. गोयासच्या केंद्रीय विद्यापीठानं तशी कागाइताची झाडं लावून ठेवली आहेत.

(दृश्य: ओली माती. हात हळूच माती बाजूला करतात.)

डिसेंबर. पाऊस बऱ्यापैकी झालाय. वर बोटभर कोंब, दोन-चार पानं. बीचा गोळा अजून मातीतच आहे. त्याच्याखाली मूळ, कोंबाच्या कितीतरी पट लांब. मे महिन्यात पाऊस थांबेल, वणवा आला तर वरचं जळूनही जाईल. मूळ अजून खाली चाललंय.