ड्रॅगन मेला, आता धनाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. अद्भुतकथा लिहिणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या नाशिककरांशी आज बोलायचं आहे ते शेवटाबद्दल. पाच-सहा जण घरदार सोडून निघतात, डोंगर-जंगलं तुडवत ड्रॅगनच्या गुहेत शिरतात. ड्रॅगन कोसळतो आणि पुढच्या अर्ध्या पानात सगळे श्रीमंत होऊन घरी पोचतात. कथा फसते ती इथेच. निघताना वाचकाच्या मनात दोन प्रश्न होते: ड्रॅगन मरेल का, आणि धन कोणाला मिळेल? लेखकाने एकाचंच उत्तर दिलं.

कथा दोनशे पानांची असेल, तर ड्रॅगनला एकशे पन्नास-साठाव्या पानाच्या सुमारास मारा. उरलेली पानं धनासाठी राखून ठेवा. ड्रॅगनचं मर्म, समजा पोटाखालचा एक निखळलेला खवला, पहिल्या पन्नास पानांत सहज बोलता बोलता येऊन गेलेलं हवं. ऐन लढाईत नवाच मंत्र सापडला की वाचक चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आता वजन. बहुतेक कथा इथे हवेत तरंगतात. एक लिटर जागेत मावणाऱ्या सोन्याच्या लगडीचं वजन एकोणीस किलोंहून जास्त भरतं. नाणी असतील तर मध्ये फटी राहतात. तरी लिटरमागे अकरा-बारा किलो धरा. म्हणजे घरातली दहा लिटरची कळशी मोहरांनी भरली, तर ती शंभर किलोंच्या वर गेली! ती एकट्याला उचलणार नाही, आणि उचलायला गेलात तर काठ हातात येईल. डोंगरवाटेने एका खेचरावर सत्तर-ऐंशी किलोंपेक्षा जास्त लादू नये. तेव्हा सहा माणसं आणि दोन खेचरं गुहेतलं सगळं धन नेऊच शकत नाहीत. मग काय न्यायचं, काय टाकायचं, मागे राखणीला कोणाला ठेवायचं? भांडण इथून सुरू होतं, आणि ते तुम्हाला हवंच आहे.

धन आलं कुठून, हेही ठरवा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याची खूण, आणि खालून जुनी अक्षरं अजून डोकावतायत. एकेक नाणं साधारण दोन ग्रॅमचं, म्हणजे सगळा ठेवा तीस किलोंच्या आतबाहेर, दोन माणसांनी सहज न्यावा इतका. तुमच्या ड्रॅगनच्या ढिगातलं एक नाणं असंच जवळून दाखवा. त्यावरची खूण टोळीतल्या एकाने ओळखली, की धनाला जुना मालक मिळाला आणि मालकाला वारस.

दावेदार तीन पुरेत: ज्यांचं धन ड्रॅगनने लुटलं ते, ज्यांची गावं जळली ते, आणि ज्यांनी जीव धोक्यात घातला ते. तिघांचंही म्हणणं खरं वाटलं पाहिजे. एकाला लोभी खलनायक केलंत, की वाटणीतला पेच गेला. आपल्याकडच्या १८७८च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्यालाही हा पेच सोडवावा लागला. जुना मालक सापडला नाही आणि आपसात वेगळा करार नसला, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. तुमच्या राज्यातही असा एखादा नियम असू द्या, आणि तो टोळीला निघण्याआधीच ठाऊक असू द्या.

शेवटाच्या जुन्या वाटा दोन. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात ड्रॅगनच्या ढिगातून एक पेला चोरीला जातो, त्यापायी मुलूख जळतो, म्हातारा राजा ड्रॅगनला मारून स्वतःही मरतो, आणि धन त्याच्यासोबत पुन्हा मातीत जातं. ही वाट कठोर आहे, पण राजाचा प्रवास तेवढा मोठा असेल तरच पेलते. दुसरी वाट उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधल्या फाफ्नीरची: सोन्यापायी बापाला मारून त्यावर वेटोळं घालून बसलेला माणूसच ड्रॅगन झाला. धनावरचा भुजंग आपल्याला आजी-आजोबांच्या गोष्टींतून ठाऊक आहे, म्हणून मराठी वाचकाला हे पटकन पटतं. ड्रॅगन मेल्यावर टोळीतलाच एक जण रात्री ढिगावर झोपायला लागला, तर त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

घरी परतणं लांबवू नका, दहा पानं फार झाली. पण नायकाला सराफाच्या दुकानात एकदा जाऊ द्या. मोहर कसोटीवर घासली जाते, सराफ विचारतो, "कुठून आणली?" त्याचं उत्तर नायक काय देतो, ते लिहा आणि थांबा. मग पहिल्या पन्नास पानांकडे परत जा. मर्म, वाटणीचं वचन आणि नाण्यावरची खूण, तिन्ही तिथे पेरलेली आहेत का, पाहा. एखादी राहिली असेल, तर दुरुस्ती शेवटात नाही, तिथेच करा.

नमस्कार.